सहाशे किलोमीटर, चाळीस तास: कोल्हापूरच्या सायकलस्वारासाठी लांब पल्ल्याचं व्यवहारज्ञान

सहाशे किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) ४० तासांत संपवायची असते. चालत्या सायकलचा सरासरी वेग ताशी २२ किलोमीटर धरला, तर पेडल मारण्यात सव्वासत्तावीस तास जातात. उरतात पावणेतेरा. या पावणेतेरा तासांचं तुम्ही काय करता, त्यावर राइड पूर्ण होणार की नाही ते ठरतं. रंकाळ्यावर सकाळी जमणारी मंडळी कार्बन फ्रेमवर, वॅट्सवर तासभर बोलतील. थांब्यांवर कुणी अवाक्षर काढत नाही. म्हणून इथं वेगावर कमी आणि बाकीच्या भानगडींवर जास्त लिहिलंय. ३०० च्या पुढं पायांनी दगा दिलेली माणसं मी कमी पाहिली. पोट, बूड, झोप आणि घड्याळ, या चौघांनी घरी पाठवलेली भरपूर.

आधी खेळ कोणता ते समजून घ्या

बीआरएम ही शर्यत नाही. पॅरिसमधला ऑडॅक्स क्लब पॅरिसियन जगभरच्या या राइड्सना मान्यता देतो, भारतात त्याचं काम ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स पाहते. पहिला आणि शेवटचा असा भेद नाही. मुदतीत पोचलात की झालं. मुदती अशा: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०, १००० ला ७५ आणि १२०० ला ९०. पहिल्या चारही अंतरांच्या राइड्स एकाच हंगामात पूर्ण केल्या की ‘सुपर रँडोनर’ म्हणतात. हंगाम नोव्हेंबर ते ऑक्टोबर.

वाटेत कंट्रोल असतात, म्हणजे कार्डावर शिक्का घेऊन किंवा फोटो काढून हजेरी नोंदवायची ठिकाणं, आणि प्रत्येक कंट्रोल ठरलेल्या वेळी उघडतो, ठरलेल्या वेळी बंद होतो. ६०० पर्यंत बंद होण्याची वेळ ताशी १५ किलोमीटरच्या हिशोबानं निघते. म्हणजे ३०० चा कंट्रोल विसाव्या तासाला बंद. मागं मोटार लावून मित्रानं पाणी-केळी पुरवणं चालत नाही, तशी मदत फक्त कंट्रोलवर घेता येते. दुकानातून, हॉटेलातून जे विकत मिळेल ते घ्यायला मात्र काहीच हरकत नाही.

याच ठिकाणी नवखे लोक रॅमशी गल्लत करतात. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची खरीखुरी शर्यत आहे. नाशिकच्या महाजन बंधूंनी ती २०१५ मध्ये दोघांच्या संघानं पूर्ण केली, नागपूरच्या अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्यानं. पण तिथं मागं गाडी असते, खायला द्यायला, झोपेतून उठवायला माणसं असतात. बीआरएममध्ये तुमचा मेकॅनिक, स्वयंपाकी आणि मॅनेजर तुम्हीच. त्यामुळं रॅमवाल्यांचे व्हिडिओ बघून तयारी करू नका, निम्मी माहिती तुमच्या उपयोगाची नाही.

ज्यांच्या डोक्यात पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही फ्रान्समधली राइड आहे त्यांच्यासाठी एवढंच: १८९१ मध्ये ती पहिल्यांदा झाली तेव्हा शार्ल तेरों सुमारे ७१ तासांत पहिला आला. आता ती दर चार वर्षांनी होते, १२०० किलोमीटरहून थोडी जास्त भरते, आणि बहुतेक जण ९० तासांच्या गटात जातात. पुढची २०२७ मध्ये. तिथं जायचं तर त्याच वर्षी सुपर रँडोनरची चारही अंतरं पूर्ण लागतात. म्हणजे सगळे रस्ते ६०० वरूनच जातात.

सराव: सहा महिने आणि आपलेच रस्ते

आज तुम्ही ५० किलोमीटर आरामात चालवत असाल असं धरतो. पहिले दोन महिने आठवड्यात तीन दिवस तास-दीड तास आणि रविवारी ८० ते १००. तिसऱ्या महिन्यात रविवार १३० ते १५० वर न्या आणि २०० ची बीआरएम करा. त्यानंतर ३००, ४००, ६००. प्रत्येकीत तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवा. शेवटचे दहा दिवस हात आखडता घ्या. त्या दहा दिवसांत केलेली मेहनत पायांत ताकद म्हणून येत नाही, थकवा म्हणून येते.

कोल्हापूरसारखी सरावाची जागा फार थोड्या शहरांना मिळाली आहे. पन्हाळा २० किलोमीटरवर. वाघबीळकडून चढताना पूर्ण वेळ बसून, हलक्या गिअरवर चढायची सवय लावा. उभं राहून चढणं दिसायला भारी, पण ४५० व्या किलोमीटरला ते जमत नाही. गगनबावडा जाऊन-येऊन साधारण ११०. फुलेवाडी सोडलं की बालिंगा, कळे, असळज असं करत रस्ता हळूहळू वर सरकत राहतो. ‘चढ’ वाटत नाही पण वेग मिळत नाही. अशा रस्त्यावर चिडचिड न करता चालवणं हाच सराव. मार्च-एप्रिलच्या दुपारी पश्चिमेचा वारा छातीवर येतो, तेव्हा याच रस्त्यावर निघा. वाऱ्यात वेगाचा आकडा बघायचा नाही, श्वासाकडे बघायचं. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, तेवढाच जोर.

आपल्याकडच्या मार्गांची एक खोड लक्षात ठेवा. आपण पठारावर आहोत. पश्चिमेला जाणारी कुठलीही राइड, मग ती आंबा घाटानं रत्नागिरीकडं जावो, फोंडा घाटानं जावो की करूळनं वैभववाडीकडं, आधी उतरते आणि मग चढते. म्हणजे घाट उत्तरार्धात येतो, तोही कोकणातल्या दमट उन्हात निथळून झाल्यावर. करूळ चढायचा म्हणजे पाचशे मीटरच्या आसपास उंची एका दमात. सरावात तोच क्रम ठेवा: उतरा, खाली तास-दोन तास चालवा, मग चढा. नुसता गगनबावड्यापर्यंत जाऊन चहा पिऊन परत फिरलात तर अर्धाच धडा झाला. निघण्याआधी घाट चालू आहे का हेही विचारून घ्या. दरडी आणि रस्त्याची कामं यामुळं करूळ बंद असला की वाहतूक भुईबावड्यानं वळते, आणि पावसाळ्यात मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं.

उत्तर-दक्षिण हवी असेल तर महामार्ग आहे: कराड ७५, सातारा १२० च्या आसपास, इकडं निपाणीच्या पुढं तवंदी घाट आणि मग बेळगाव ११०. सहापदरीकरणानं वळवलेले रस्ते, सेवा रस्त्यावर उलटे येणारे दुचाकीवाले आणि फुटलेल्या ट्रक-टायरच्या बारीक तारा, हे तिन्ही तिथं फुकट मिळतं.

सहा महिन्यांत निदान एकदा रात्रभर सायकल चालवा. अंतर १५० झालं तरी पुरे. संध्याकाळी आठला निघा आणि उजाडल्यावर घरी या. पहाटे तीन ते पाच या वेळात तुमचं डोकं कसं चालतं, हे आधी माहीत असलेलं बरं.

सायकल: पैसे कुठं घालायचे

हलक्या सायकलीसाठी कर्ज काढू नका. पहिला खर्च बाइक फिटिंगचा, म्हणजे सायकल आपल्या अंगमापानं बसवून घेण्याचा, दुसरा टायरचा, तिसरा दिव्यांचा. उरले तर बाकीचं.

टायर निदान २८ मिलिमीटरचे, फ्रेममध्ये मावत असतील तर ३२ चे. हवा दगडासारखी टणक भरायची जुनी सवय सोडा. सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय पुरते, आणि तळवे-मान दोन्ही आभार मानतात. गिअर असे हवेत की दमलेल्या पायांनी घाट बसून चढता येईल: पुढं ५०/३४ दातांच्या चकत्या, मागं ३२ किंवा ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच).

सोबत दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, पंप, मल्टिटूल, चेनची जोडकडी, टायर चिरला तर आतून लावायला जाड पट्टीचा तुकडा. आणि वीस-तीस रुपयांचा प्रेस्टा व्हॉल्वचा (रोड सायकलच्या ट्यूबच्या बारीक व्हॉल्वचा) अडॅप्टर. गावातल्या पंक्चरवाल्याकडं प्रेस्टा ट्यूब मिळणार नाही, पण अडॅप्टर असला तर पेट्रोल पंपावरची हवा चालते. पंक्चर काढताना नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवा. ती ट्रक-टायरची तार केसाएवढी असते, डोळ्यांना दिसत नाही, आणि तिथंच राहिली तर दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत जाते.

दिवे पुढं दोन, मागं दोन, आणि सायकलवर घट्ट बसवलेले. एक बिघडला म्हणून राइड सोडावी लागणं यासारखी हळहळ नाही. पुढच्या दिव्यावर लिहिलेला ल्युमेनचा आकडा फसवा असतो. मधल्या प्रकाशात तो किती तास चालतो ते घरी लावून घड्याळावर मोजा. रात्री रिफ्लेक्टिव्ह जाकीट सक्तीचं आहे. हेल्मेटबद्दल सांगायची गरज पडू नये.

जिथं जिथं शरीर सायकलला टेकतं

बूड, तळहात, तळपाय. या तीन जागांची तक्रार १०० किलोमीटरवर कुरबूर असते, ४०० वर ती आरोळी होते.

पॅडवाल्या शॉर्टच्या आत अंडरवेअर घालायची नाही, हे अजून सांगावं लागतं म्हणून सांगतो. शिवण घासून कातडं सोलून निघतं. कातडं घासू नये म्हणून लावायचं क्रीम महाग वाटत असेल तर पेट्रोलियम जेली चालते, निघताना लावा आणि दर शंभर-सव्वाशे किलोमीटरला पुन्हा. ६०० ला दुसरी शॉर्ट सोबत ठेवा. झोपायच्या थांब्यावर अंग पुसून ती बदलली की माणूस अर्धा नवा होतो. आणि दर पंधरा मिनिटांनी दहा सेकंद सीटवरून उठा, उतारावर तर हमखास.

गुडघ्याची भाषा शिकून घ्या. पुढून, वाटीजवळ दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे किंवा तुम्ही जड गिअर रेटताय. मागून दुखत असेल तर सीट वर आहे. मिनिटाला ८० ते ९० फेऱ्यांनी पाय फिरवत राहिलात तर गुडघे बराच काळ गप्प बसतात. सीटमध्ये बदल करायचा तो राइडच्या महिनाभर आधी, दोन-तीन मिलिमीटरनं. आदल्या रात्री पान्याला हात लावू नका.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतंय म्हणजे तळहाताच्या त्या बाजूची नस दबतेय. हातांची जागा बदलत राहा, हँडलला दुहेरी टेप लावा, हँडल उंच करा. मानेचं दुखणं असंच. फार लांबच्या राइडमध्ये मानेचे स्नायू इतके थकतात की डोकं उचलून धरता येत नाही. रॅमच्या सुरुवातीच्या काळातल्या मायकेल शर्मर या सायकलपटूला हे झालं आणि दुखण्याला त्याचंच नाव पडलं. ६०० ला ते क्वचित होतं, १००० च्या पुढं त्याची भीती खरी. उपाय कंटाळवाणा आहे: पाठ-पोटाचे व्यायाम, रोज दहा मिनिटं.

खाणं: भूक लागायच्या आधी

आपल्या गावात खुराकाचं शास्त्र तालमीनं शिकवलंय. पैलवान जशी जोर-बैठकांची सवय करतो तशीच पचवायची पण करतो. सायकलचंही तसंच, पोटाला चालत्या सायकलवर खायची सवय लावावी लागते.

शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरीच्या आसपास. ते पाच-सहा तासांत तळाला जातं. मग पायांतून जीव निघून जातो, डोळ्यांसमोर अंधारी येते, आणि माणूस रस्त्याकडेला बसून आपण हे का करतोय असले तात्त्विक प्रश्न विचारू लागतो. ते टाळायला ताशी ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, पहिल्या तासापासून. एक मध्यम केळं साधारण २५ ग्रॅम. सुपारीएवढे दोन-तीन गुळाचे खडे तेवढेच. म्हणजे तासाला एक केळं आणि थोडा गूळ, झालं. गुळाच्या गावात राहून परदेशी जेलची पाकिटं मागवायची असतील तर मागवा, चव बदलायला बरी असतात. शेंगदाणे चांगले, पण त्यांत तेल जास्त, ऊर्जा सावकाश येते. ते रात्रीसाठी ठेवा. राजगिऱ्याचा लाडू, खारी बिस्किटं, उकडलेला बटाटा मीठ लावून, दहीभात: हे सगळं चालतं. घड्याळात दर अर्ध्या तासाचा गजर लावा आणि वाजला की खा. इच्छा विचारायची नाही.

मिसळ फिनिशनंतर. कट वडा फिनिशनंतर. तांबडा-पांढरा तर दुसऱ्या दिवशी दुपारी. तिखट-तेलकट खाऊन चाळीस मिनिटांनी जी जळजळ सुरू होते तिला पुढचे शंभर किलोमीटर कमी पडतात. आदल्या संध्याकाळी गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास मारायचा मोह होतो, तोही टाळा. सवय असेल तरी पहाटेच्या थंडीत पोट काय करेल सांगता येत नाही.

पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर, कोकणात उतरलात की त्याहून जास्त. तुमचा स्वतःचा आकडा काढायची सोपी रीत: दोन तासांच्या सरावाआधी आणि नंतर वजन करा. घटलेलं एक किलो म्हणजे साधारण एक लिटर, त्यात प्यालेलं पाणी मिळवा आणि दोननं भागा. पण नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते पाणी कमी पडण्याइतकंच धोक्याचं. डोकं दुखणं, मळमळ, हात-बोटं सुजणं ही खूण. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, ते एक लिटरमध्येच मिसळा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण ओतलं की पोट बिघडतं. घरचं करायचं तर अर्धा लिटर पाण्यात ३० ते ४० ग्रॅम साखर, दोन चिमटी मीठ आणि लिंबू. उसाचा रस फार गोड असतो, म्हणून त्याच्यावर पाणी प्या. आणि रसात बर्फ नको. बर्फ कुठल्या पाण्याचा हे गुऱ्हाळवाल्यालाही माहीत नसतं.

दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेत पुढं जाणं बंद करा. अंगातलं पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडावर ताण आणतात. लघवीचा रंग चहासारखा झाला तर राइड तिथंच संपली, थेट डॉक्टर.

थांबे: इथं राइड जिंकतात किंवा घालवतात

आता सुरुवातीच्या हिशोबाकडं येऊ. सरासरी २२ वरून २३ वर नेली तर ६०० किलोमीटरमध्ये सव्वा तासाच्या जवळपास वाचतो. त्यासाठी सपाटीवरही साधारण दहा टक्के जास्त जोर लावावा लागतो, तोही दीड दिवसभर. तेवढाच वेळ बारा थांब्यांवर प्रत्येकी सहा मिनिटं कमी बसून मिळतो. त्याला जोर शून्य.

आपली अडचण अशी की आपल्याकडं कुणी पटकन सोडत नाही. टपरीवर सायकल टेकवली की सुरू: “पाव्हणं, कुठनं आलासा?” “कोल्हापूर.” “आणि चाललाय कुठं?” “जाऊन परत कोल्हापूरलाच.” यावर जी शांतता पडते ती मोडायला एक चहा लागतो, मग दुसरा, मग सायकल किती लाखाची. माणसं लाख मोलाची, पण त्या गप्पांत पंचवीस मिनिटं जातात. उत्तरं द्या, हसून द्या, फक्त उभ्यानं द्या. खुर्ची दिसली की बसायचं नाही, हा एक नियम पाळलात तरी तासभर वाचेल.

थांब्याआधीच्या दोन किलोमीटरमध्ये कामांची यादी मनात म्हणा: शिक्का किंवा फोटो, बाटल्या, लघवी, खाणं, क्रीम. त्याच क्रमानं करा. खाणं बांधून घेऊन चालत्या सायकलवर संपवता येत असेल तर बसू नका. फोन खिशात. ‘कुठं पोचलास’ असं विचारणाऱ्या घरच्यांना आधीच सांगून ठेवा की कंट्रोलवरूनच निरोप येईल. गटात असाल तर हिशोब आणखी बिघडतो, कारण पाच जणांच्या गटात प्रत्येक जण वेगळ्या वेळी तयार होतो. दिवसा सुटंसुटं चालवा, रात्री गटात राहा. दोस्ती तुटत नाही.

पेट्रोल पंप हा सगळ्यात चांगला थांबा. हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह तिथं मोफत मिळायला हवं असा नियमच आहे, उजेड असतो, कॅमेरे असतात. महिला सायकलस्वारांनी तर मार्गावरचे रात्री चालू असणारे पंप आधीच नकाशावर टिपून ठेवावेत. टपऱ्यांच्या भरवशावर राहून पाणी कमी पिणं हे दुखण्याला आमंत्रण.

सकाळी सहाला सुरुवात असेल तर माझ्या मते असं वेळापत्रक झेपण्यासारखं आहे. २०० किलोमीटर दुपारी साडेचारच्या आत. ३०० रात्री दहाच्या आत, वाटेत जेवण धरून. ३६० रात्री एकला. ३६० ची मुदत चोविसाव्या तासाला, म्हणजे सकाळी सहाला संपते. तुमच्या हातात पाच तास. त्यातले तीन झोपा, आवरून पावणेपाचला निघा. उरले २४० किलोमीटर आणि सव्वासतरा तास. ताशी वीसनं चालवलंत तर बारा तास पेडल आणि पाच तास थांबायला, पंक्चरला, घाटाला. मुदत रात्री दहाची, थांबे तीन तासांत आवरलेत तर तुम्ही आठच्या आसपास पोचता.

रात्र, ऊस आणि गवे

कोल्हापूर भागात एक विचित्र योग आहे. हवा चांगली असते ते महिने, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, नेमके गाळप हंगामाचे. रात्रभर ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या उसानं भरून कारखान्याकडं चाललेल्या असतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर पाचटानं झाकलेला. बैलगाड्या तर पूर्ण अंधारात. ट्रॅक्टरचं गाणं ऐकू येतं, पण ते पुढून येतंय की मागून हे वाऱ्यावर ठरतं. म्हणून पुढच्या दोन दिव्यांपैकी एक लांबवर टाका, एक चाकासमोर. ट्रॉलीच्या मागं चिकटून वाऱ्याचा आडोसा घ्यायचा मोह कितीही झाला तरी नको, उसाचं कांडं चाकाखाली आलं की संपलं. ओलांडताना अंतर दुप्पट ठेवा, कारण ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि ट्रॉली वळणावर डुलते. कारखान्याच्या आधीच्या दोन किलोमीटरवर दोन्ही बाजूंना रांगा उभ्या असतात; तिथं वेग सोडून द्या.

राधानगरी-दाजीपूरकडं रात्री गवे रस्त्यावर येतात. दिव्यात डोळे चमकले की थांबा, दिवा थेट तोंडावर मारू नका, त्यांना जाऊ द्या. एक गेला म्हणजे कळप गेला असं नाही. कुत्र्यांचं उलट: पळालात तर पाठलाग. वेग कमी करा, मोठ्यानं दरडावा, अगदीच अंगावर आलं तर उतरा आणि सायकल मध्ये धरा. गावांतले रंग उडालेले गतिरोधक मात्र सगळ्यांहून वाईट. गावाचा पहिला दिवा दिसला की हात ब्रेकवर.

गगनबावडा आणि आंब्याला धुकं उतरतं तेव्हा दिवा प्रखर केला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. उलट मंद करा आणि खाली झुकवा. घाट उतरण्यापूर्वी वाऱ्याचं जाकीट घाला. उतरल्यावर घालण्यात अर्थ नसतो, तोवर बोटं आखडून ब्रेक दाबता येईनासे होतात.

झोप

पहाटे दोन ते पाच शरीर झोपच मागतं, कितीही सराव करा. काही जण ६०० बिनझोपेचे करतात. जमतं, पण आपल्या वाहतुकीत मी ते कुणाला सुचवणार नाही. तीन तास झोपलेला माणूस सकाळी ते तीन तास बऱ्याच अंशी भरून काढतो.

लॉज आधी फोन करून ठरवा, ‘रात्री एकला येईन, पहाटे पावणेपाचला जाईन’ हे स्पष्ट सांगा, पैसे आगाऊ द्या. आत गेल्यावर आधी चार्जर लावा, दोन गजर लावा, मग खा, मग अंग पुसा, मग आडवे व्हा. उलट्या क्रमानं गेलात तर सकाळी दिवे रिकामे असतात.

वाटेत डुलकी लागायला लागली की गाणी, गप्पा, तोंडावर पाणी यांनी दहा मिनिटं निघतात, त्यापुढं नाही. एसटीचा निवारा किंवा देवळाची ओसरी शोधा, कुणी असलं तर विचारा, चहा किंवा कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून पडा. कॅफिनचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो, उठता तेव्हा दोन्ही कामाला येतात. मात्र दिवसभर चहा ढोसत आलात तर रात्रीचा चहा काही करत नाही. संध्याकाळपर्यंत कॅफिन राखून ठेवा.

सोडायचं कधी

प्रत्येक ६०० मध्ये एक वाईट तास येतो, बहुधा ३५० ते ४५० च्या दरम्यान. त्या तासात निर्णय घ्यायचा नाही. आधी खा, मग वीस मिनिटं झोपा, मग फक्त दहा किलोमीटर चालवा. त्यानंतरही तेच वाटत असेल तर विचार करा. अंधारात घेतलेला सोडायचा निर्णय उजाडल्यावर बहुतेकांना मूर्खपणाचा वाटतो.

पण काही बाबतींत दहा किलोमीटरही नकोत. सायकल आपोआप रस्त्याच्या मध्याकडं जातेय, मधले काही सेकंद आठवत नाहीत, छातीत दुखतंय, बोलणं असंबद्ध होतंय, अंगावर काटा येतोय आणि घाम थांबलाय, मागचे दोन्ही दिवे गेलेत. यांपैकी काहीही झालं तर थांबा, आयोजकांना फोन करा आणि टेम्पो शोधा. फोन न करता गुपचूप घरी जाणाऱ्यांमुळं आयोजक रात्रभर घाट धुंडाळत बसतात.

पोचल्यावर

कार्ड जमा करा, वेळ आणि सही तपासून घ्या. घरी स्वतः मोटारसायकल किंवा गाडी चालवत जाऊ नका. कुणालातरी न्यायला बोलवा. चाळीस तासांच्या राइडनंतरचे ते पाच किलोमीटर जास्त धोक्याचे. आल्याबरोबर मीठ-पाणी आणि डाळभात, अंघोळ, मग झोप. पहिले दोन दिवस पाय सुजलेले राहतील, उशीवर ठेवून झोपा. आठवडाभर सायकलला हात लावला नाहीत तरी चालेल. लावलात तर अर्धा तास, सपाटीवर.

करंगळीचा बधिरपणा दोन-तीन आठवडे राहू शकतो. चिमटीत कागद धरता येत नसेल किंवा महिना झाला तरी फरक नसेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि सायकल धुऊन ब्रेक पॅड बघायला विसरू नका. घाटांत आणि पावसात मागचे पॅड एका राइडमध्ये संपलेले असतात, ते पुढच्या रविवारी पन्हाळ्याच्या उतारावर कळू नये.